मठाची भिंत आणि शेजारी

शेजाऱ्यावर प्रेम करा, ही ख्रिस्ताची आज्ञा. मठांत कोंडून घेणारीनें ती पाळावी कशी? फ्रान्समधील लिझ्यूची तेरेझ १८८८ मध्यें, पंधराव्या वर्षीं, कार्मेल मठांत शिरली; १८९७ त तेथेंच निवर्तली. तरी १९२७ मध्यें पोपांनीं तिला जपानपर्यंत हिंडलेल्या फ्रान्सिस झेवियरच्या जोडीनें मिशनांची संरक्षक संत ठरविलें! तिच्या ‘एका आत्म्याची कथा’ या आत्मचरित्रांत फुलांची भाषा अंमळ अतीच आहे. आणि दूरच्या जिवांसाठीं केलेल्या प्रार्थनांचें फळ कोणीं मोजावें? परंतु एका चिडखोर वृद्ध भगिनीला ती रोज सायंकाळीं आधार देऊन भोजनगृहांत नेई, तिचीं बोलणीं सोशी, शेवटीं तिचा पाव कापून देई, हा प्रसंग वाचतांना आमची शंका लंगडी पडते. शेजारीण भिंतीच्या आंतच होती. मठवासी सर्वांविषयीं असा निर्वाळा देववत नाहीं, तेरेझपुरता देतों.