चरणारंभीचे यमक : ‘वल्लवन’ आणि कुंभकोणमची कसोटी

एका भाषेत जन्मलेला काव्यप्रकार दुसऱ्या भाषेत शिरतो तेव्हा त्याचे यश कशावरून ठरवावे, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. सुनीत मराठीत आले, गझल आली. आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट अनुभवास आली. परका घाट उचलणे सोपे असते. त्या घाटाला भाषेच्या अंगभूत लयीशी समझोता करावयास लावणे अवघड असते. हा समझोता झाला म्हणजे प्रकार रुजतो, न झाला तर तो पाहुणा राहतो. हाच प्रश्न तमिळमध्ये रॅपच्या निमित्ताने उभा राहिला आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात 1970 नंतरच्या दशकात उदयास आलेले, ठेक्यावर वेगाने म्हटले जाणारे हे यमकबद्ध भाषण तमिळमध्ये संपूर्ण गीतसंग्रहाच्या रूपाने अवतरले ते 2006 मध्ये, ‘योगी बी आणि नक्षत्र’ ह्या मलेशियातील त्रयीच्या ‘वल्लवन’ ह्या पहिल्या अल्बमात. तमिळ हिप-हॉपचा हा पहिला पूर्ण संग्रह मानला जातो. ‘वल्लवन’ म्हणजे समर्थ, कर्तबगार पुरुष. हे सामर्थ्य कोणत्या कसोटीवर पाहावे, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

ती कसोटी कुंभकोणमहून आणणे अनेक दृष्टींनी योग्य ठरते. कावेरीच्या काठच्या ह्या नगरीतील शासकीय महाविद्यालयात उ. वे. स्वामिनाथ अय्यर 1880 पासून 1903 पर्यंत तमिळचे अध्यापक होते. गावचे मुन्सफ रामस्वामी मुदलियार ह्यांनी त्यांच्या हाती ‘जीवक चिंतामणी’चे हस्तलिखित दिले, आणि त्यातून 1887 मध्ये ‘जीवक चिंतामणी’, 1892 मध्ये ‘शिलप्पधिकारम’, 1894 मध्ये ‘पुरनानूरु’ अशी प्राचीन काव्ये एकामागून एक शुद्ध पाठांसह मुद्रित झाली. ताडपत्रांवर नष्ट होत चाललेले तमिळ काव्य वाचकाच्या हाती आले ते मुख्यतः ह्या काळात. दुसरीकडे, हीच नगरी तालविद्येची. अळगनंबी पिळ्ळै ह्यांच्यासारखा मृदंगवादक गावाचे नाव आपल्या नावापुढे लावून गाजला. आणि भोवतालच्या खेड्यांतून नागस्वर व तविल वाजविणारी, नृत्याचे बोल म्हणणारी घराणी नांदली. शब्दाचा पाठ आणि तालाचा बोल ह्या दोन्ही विद्या जेथे शेजारी राहिल्या, तेथून रॅपसारख्या प्रकाराकडे पाहणे हे केवळ भावुकतेचे लक्षण ठरू नये.

मराठी वाचकाला ह्या भूमीचे आणखी एक कारणाने अगत्य आहे. भोसल्यांचे तंजावरचे राज्य 1855 मध्ये खालसा झाले. परंतु मराठी कीर्तन तेथून गेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांसारख्या कीर्तनकारांच्या प्रभावाने आणि तंजावूर कृष्ण भागवतरांच्या प्रतिभेने तमिळ हरिकथेला, म्हणजे कथाकालक्षेपाला, नवे रूप आले. अठ्ठावीस मात्रांची साकी आणि एकोणीस मात्रांची दिंडी ही मराठी वृत्ते कावेरीकाठच्या भागवतरांनी आपलीशी केली. ती तेथे रुजली, ह्याचे कारण ती मराठी राहिली नाहीत. त्यांत तमिळ व संस्कृत शब्द आपापल्या गुरुलघूंसह बसले आणि कर्नाटक संगीताच्या रागतालांनी त्यांना सामावून घेतले. परप्रकार कसा मुरतो, ह्याचा हा कावेरीकाठचाच दाखला आहे.

आता मूळ मुद्दा यमकाचा. इंग्रजी रॅपचा सारा डोलारा चरणान्त यमकावर उभा आहे. इंग्रजीत प्रत्ययांची संख्या अल्प असल्यामुळे चरणाच्या शेवटी बहुधा शब्दाचा गाभाच येतो आणि यमक जुळविण्यासाठी कवीला दोन भिन्न अर्थांची अनपेक्षित भेट घडवावी लागते. तमिळ व मराठी ह्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि त्याच्या शेपटाला पुरुष, वचन, लिंग ह्यांचे प्रत्यय असतात. ‘धावतो’, ‘बोलतो’, ‘मागतो’ ह्यांचे यमक जुळते खरे. परंतु ते कवीने साधलेले नसते, व्याकरणाने फुकट दिलेले असते. प्राचीन तमिळ कवींनी यमकाचा मुख्य भार चरणाच्या आरंभी ठेवला, त्याचे मर्म येथे असावे. ‘मोनै’ म्हणजे आद्याक्षराची पुनरावृत्ती. ‘एदुगै’ म्हणजे चरणारंभीच्या शब्दांतील दुसऱ्या अक्षराचे साम्य, त्यात पहिल्या अक्षराचे ऱ्हस्वदीर्घत्वही सारखे हवे. मराठीत बोलावयाचे तर एका चरणाचा आरंभ ‘कागद’ने व्हावा आणि दुसऱ्याचा ‘सागर’ने, असा हा प्रकार आहे. येथे प्रत्यय उपयोगी पडत नाही. शब्दाच्या मुळाशीच जावे लागते. चरणान्त साम्याला ‘इयैबु’ असे नाव तमिळ छंदःशास्त्रात आहेच, परंतु अभिजात काव्यात त्याचे स्थान गौण आहे.

ह्या पार्श्वभूमीवर ‘वल्लवन’चे श्रेय आणि उणेपण दोन्ही स्पष्ट होतात. 1994 मधील ‘कादलन’ चित्रपटातील ‘पेट्टै रॅप’ने ठेक्यावर बोलण्याची गंमत तमिळ श्रोत्याला दाखविली होती, परंतु ती चित्रपटातील एका प्रसंगाची चूष होती. योगी बी ह्यांनी ‘पोएटिक ॲमो’ ह्या बहुभाषी गटातून आरंभ केला होता. डॉ. बर्न आणि एमसी जेस ह्यांच्या साथीने त्यांनी ‘वल्लवन’मध्ये हे बोलणे संग्रहभर टिकवून धरले. तमिळमधील क्क, ट्ट, त्त, प्प ही जोडाक्षरे मृदंगावरील थापेसारखी पडतात, आणि चार मात्रांच्या आवर्तनाचे सोळा भाग करून त्यांवर हे आघात कमीअधिक अंतराने पेरता येतात, ही जाणीव येथे जागी आहे. कोन्नक्कोल म्हणणारा वादक सोळाची विभागणी पाच, पाच, सहा अशी करून समेवर येतो; रॅप म्हणणाऱ्याचे कौशल्य त्याच जातीचे असते. भेद एवढाच की ‘तकदिमि’ला अर्थ नसतो आणि रॅपच्या शब्दाला अर्थाचे ओझे वाहून समेवर यावे लागते. त्या ओझ्यासह वेग राखता येतो, तमिळ भाषा त्या वेगात मोडत नाही, हे ‘वल्लवन’ने सिद्ध केले. हे श्रेय लहान नव्हे.

संग्रहातील सर्वाधिक गाजलेले गीत ‘मडै तिरंदु’ हे विचारार्ह आहे. मडै म्हणजे शेताला पाणी देणाऱ्या कालव्याचे दार. ते उघडल्यावर लोटणारा प्रवाह ही प्रतिमा कावेरीच्या खोऱ्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मूळ गीत 1980 च्या ‘निळल्गळ’ चित्रपटातील, इळैयराजांच्या संगीतातील, एस. पी. बालसुब्रह्मण्यम ह्यांनी गायिलेले. त्यात यशाची स्वप्ने पाहणारा एक उमेदवार संगीतकार बोलतो. नव्या गीताने त्याचे ध्रुपद राखले आणि मधल्या जागा रॅपने भरल्या. ह्या निवडीत औचित्य आहे. तंजावर जिल्ह्यातून आणि त्याच्या आसपासच्या भागांतून असंख्य मजूर नागपट्टिणमच्या बंदरातून मलायातील मळ्यांवर गेले. त्या देशांतरातून घडलेल्या समाजाला तमिळशी बांधून ठेवणाऱ्या धाग्यांपैकी चित्रपटगीत हा एक प्रमुख धागा राहिला. परंतु त्याच निवडीत मर्यादाही आहे. भावनेची उंची गाठण्याचे काम जुन्या चालीकडे जाते आणि रॅप हा दोन ध्रुपदांमधला जोश राहतो. मडै उघडते ती इळैयराजांची. पाणी मात्र आपले, असे नव्या कवींना पुरते म्हणता येत नाही.

यमकाच्या बाबतीत हा संग्रह दोन पद्धतींमध्ये अडकलेला आहे. जेथे इंग्रजी नमुना डोळ्यांसमोर आहे, तेथे चरणान्त प्रत्ययांचे सुलभ यमक येते आणि मधूनमधून आलेली इंग्रजी वाक्ये त्याला आधार देतात. जेथे चरणारंभीच्या अक्षराचा आघात साधतो, तेथे मात्र उच्चार एकदम घट्ट होतो. आशयाचेही तसेच. तमिळ महाकवीने आरंभी सभेपुढे विनय प्रकट करावा, ह्याला ‘अवैयडक्कम’ म्हणतात. कंबनानेही तो संकेत पाळला. रॅपचा कवी उलट आपल्या सामर्थ्याची द्वाही फिरवितो. ही द्वाही दोषास्पद नाही. शाहिराच्या फडातही ती होतीच. परंतु सामर्थ्य कशासाठी, ह्या प्रश्नाला ‘वल्लवन’ प्रायः भाषाभिमानापलीकडे उत्तर देत नाही.

ते उत्तर पुढच्या पिढीकडून आले. अरिवु आणि संगीतकार ऑफरो ह्यांचा ‘तेरुक्कुरल’ हा पहिला संग्रह 2019 मध्ये निघाला. ‘तेरु’ म्हणजे रस्ता, ‘कुरल’ म्हणजे आवाज. आणि कानावर पडताना हे नाव 1330 द्विपद्यांच्या ‘तिरुक्कुरळ’ची आठवण दिल्यावाचून राहत नाही, जरी ‘कुरळ’ आणि ‘कुरल’ हे भिन्न शब्द असले तरी. तूत्तुक्कुडी येथील 22 मे 2018 च्या गोळीबारात बळी गेलेल्या स्नोलिन ह्या तरुणीच्या नावाचे गीत ह्या संग्रहात आहे. येथे ठेका आधाराला आहे, अधिकार शब्दाकडे आहे. अभिजात ग्रंथाचे नाव रस्त्यावर आणून त्याचा अर्थ विस्तारणे ही निव्वळ चमत्कृती नसून परंपरेवर हक्क सांगण्याची कृती आहे. आणि ज्यांना त्या परंपरेच्या उंबऱ्याबाहेर ठेवले गेले, त्यांनी तो सांगावा ह्याला विशेष अर्थ आहे. तथापि ‘वल्लवन’ने वेगाची शक्यता सिद्ध केली नसती, तर ह्या शब्दाला उभे राहावयास जमीन मिळणे कठीण होते.

ह्या साऱ्याचा निष्कर्ष समीक्षेवरच काही जबाबदारी टाकतो. 2018 मध्ये केंड्रिक लमारच्या संग्रहाला पुलित्झर पारितोषिक मिळाले ते संगीताच्या विभागात. काव्याच्या विभागाचे दार तेव्हाही बंदच राहिले. मराठीतही ‘स्वदेसी’ ह्या मुंबईच्या गटाचा ‘चेतावनी’ हा संग्रह 2020 मध्ये आला, आणि अशा रचनांची चर्चा साहित्याच्या पानांवर क्वचितच झाली. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त ओवी-अभंगांपासून लोकगीतांपर्यंत ज्या आस्थेने मात्रा मोजल्या, ती आस्था ह्या रचनांच्या वाट्यास येणे अगत्याचे आहे. मराठी रॅपलाही क्रियापदाच्या फुकट यमकाचा मोह टाळावयाचा आहे, आणि तो कोठे टाळला गेला व कोठे नाही, हे दाखविणे समीक्षकाचे काम आहे. स्वामिनाथ अय्यरांनी ताडपत्रे शोधली तेव्हा तीही अनेकांच्या लेखी कालबाह्य होती. त्यांनी ती आधी नीट वाचली आणि मग त्यांचे मोल सांगितले. ‘वल्लवन’ हा थोर ग्रंथ नव्हे. परंतु त्याने तमिळपुढे एक छंदोविषयक प्रश्न ठेवला आणि त्याचे अर्धे उत्तर स्वतः दिले. पहिल्या संग्रहाच्या बाबतीत हे माप पुरेसे मानावे लागते.