एकशे सत्त्याण्णवावी गाडी

फोटोवरून गाडी ओळखणे हा विषय प्रोजेक्टसाठी घ्यायचं मनात असेल, तर तुम्हाला सगळ्यात आधी सुचवला जाईल तो ‘स्टॅनफर्ड कार्स’ हा डेटासेट. क्राउझ, स्टार्क, डेंग आणि फेइ-फेइ ली यांनी तो २०१३ साली मांडला. १९६ वर्ग, १६,१८५ फोटो. त्यातले ८,१४४ शिकवायला आणि ८,०४१ तपासायला. म्हणजे एका वर्गाला शिकवण्यासाठी सरासरी एक्केचाळीस फोटो. डाउनलोड करा, तयार नेटवर्क फाइन-ट्यून करा, नव्वदीच्या पुढची अचूकता टेबलात टाका, झालं! आज मला या टेबलाबद्दलच बोलायचंय. (‘मॉडेल’ हा शब्द इथे गाडीलाही लागतो आणि नेटवर्कलाही. गोंधळ नको, म्हणून या लेखात मॉडेल म्हणजे फक्त गाडीचं मॉडेल.)

कोड लिहिण्याआधी एक करा. १९६ नावांची यादी शांतपणे वाचून काढा. बरेच जण ती वाचतच नाहीत. नावामागून नाव २०१२चं येतं. सगळ्यात जुनी गाडी १९९१ची फोक्सवॅगन गोल्फ. फियाट शोधायला गेलात तर ५००चे दोन प्रकार सापडतील, बास. कुर्ल्यात बनलेली फियाट ११००, म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी, यादीत नाही. अॅम्बेसेडरही नाही. बुगाटी व्हेरॉन मात्र आहे, तीही दोन वर्गांत, कूपे वेगळी आणि उघड्या छपराची वेगळी.

आता जरा थांबून विचार करा. व्हेरॉन जगात एकूण ४५० बनल्या. पद्मिनी मुंबईत काही दशकं काळी-पिवळी म्हणून धावली, आणि टॅक्सी म्हणून शेवटची २०२३च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली. मग यातली ‘दुर्मीळ’ कोणती? रस्त्यावर दुर्मीळ असणं वेगळं आणि इंटरनेटवरच्या फोटोंत दुर्मीळ असणं वेगळं. व्हेरॉन दिसली की प्रत्येक जण मोबाइल काढतो. टॅक्सीचा फोटो कोण काढत बसलंय? तुमचं नेटवर्क दुसऱ्या प्रकारची दुर्मिळता शिकतं आणि शोधनिबंधात आपण लिहितो पहिल्या प्रकारची भाषा. मला यातली ही गफलत सगळ्यात जास्त खटकते.

पद्मिनीचा फोटो या नेटवर्कला दिला तर काय होईल? शेवटच्या थरातलं सॉफ्टमॅक्स १९६ आकडे देतं आणि त्यांची बेरीज १ होते. ‘यातली कुठलीच नाही’ असं म्हणायला तिथे जागाच नसते. बाकीच्या १९५ गाड्या आणखी कमी जुळल्या, तर उरलेल्या एकीला ०.८ सहज मिळू शकतात. तो आकडा खात्री म्हणून वाचू नका. हजेरीपटावर १९६ नावं आहेत आणि वर्गात आलेला प्रत्येक जण त्यातलाच एक आहे असं धरून चाललेल्या मास्तरांसारखं आहे हे.

जाणकार माणूस फोटो बघतो तेव्हा उलट्या बाजूने जातो. एक उदाहरण देतो. ट्रायम्फ हेराल्ड ही इंग्लिश गाडी मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ म्हणून बनायची. इंग्लंडमध्ये तिची सलून दोनच दारांची होती. चार दारांची निघाली ती मद्रासला. त्यामुळे चेहरा हेराल्डचा आणि मागच्या दाराला वेगळं हँडल दिसलं, तर फोटो कितीही पुसट असो, गाडी कुठली ते ठरलं. एका हँडलवर निकाल! सरासरी अचूकतेला अशा हँडलची किंमत कळत नाही, कारण असे फोटो तपासणीच्या गठ्ठ्यात नसतातच.

याच्या उलटही घडतं. पहिली अॅम्बेसेडर आणि मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री यांची बॉडी एकच. कुर्ल्याची फियाट ११०० डी आणि सुरुवातीची पद्मिनी यांचंही तसंच. मुख्य फरक नावाचा. अशा वेळी बरोबर लेबल पिक्सेलमध्ये नसतं. ते नंबरप्लेटवर असतं, मागच्या दुकानाच्या पाटीवर असतं, फोटोच्या तारखेत असतं. गाडीभोवती चौकट आखून बाकीचं कापून टाकलं, की पुरावाही कापला जातो. आणि चौकट ठेवली नाही, तर नेटवर्क गाडी सोडून पार्श्वभूमीच पाठ करण्याचा धोका. यावर सोपं उत्तर मला तरी माहीत नाही, पण थिसिसमध्ये हा प्रश्न एका परिच्छेदात तरी यायला हवा.

डेटासेट करणाऱ्यांना मी दोष देत नाहीये. त्रिमितीय मांडणीने बारीक फरक ओळखायला मदत होते का, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यासाठी तो पुरेसा होता. ‘जगातली कुठलीही गाडी ओळखतो’ हा दावा नंतरच्यांनी चिकटवला.

याच गटातल्या गेब्रू आणि सहकाऱ्यांचा २०१७चा निबंध मात्र जरूर वाचा. अमेरिकेतल्या २०० शहरांच्या स्ट्रीट व्ह्यूमधल्या ५ कोटी चित्रांतून त्यांनी २ कोटी २० लाख गाड्या ओळखल्या आणि त्यावरून वस्तीचं उत्पन्न, शिक्षण, मतदान यांचा अंदाज बांधला. पिकअपपेक्षा सेडान जास्त दिसल्या तर शहर डेमोक्रॅटिक पक्षाला मत देण्याची शक्यता ८८ टक्के. उलट असेल तर रिपब्लिकनला ८२ टक्के. इथे काही गाड्या चुकल्या तरी बिघडत नाही, कारण विचारलंय शहराबद्दल. तुमच्या हातात एकच फोटो असेल, समजा अपघात करून पळालेल्या गाडीचा, तर हीच चूक कुणाच्या तरी दारात पोलीस नेऊन उभी करते. तेव्हा दुसऱ्याच्या निबंधातली ‘इतकी चूक चालते’ ही सवलत उचलण्याआधी त्यांचा प्रश्न काय होता ते बघा.

मग प्रोजेक्ट करायचा कसा? स्टॅनफर्ड कार्स घ्या, हरकत नाही. पण यादीत नसलेल्या पाच-सहा गाड्यांचे शंभरेक फोटो स्वतः जमवा: पद्मिनी, अॅम्बेसेडर, चार दारांची हेराल्ड, जुन्या गाड्यांच्या रॅलीत जे मिळेल ते. त्यांना वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा, शिकवताना अजिबात दाखवू नका. निकालात दोन ओळी द्या: ओळखीच्या गाड्या किती बरोबर ओळखल्या, आणि अनोळखी गाड्यांना नेटवर्कने किती वेळा ‘माहीत नाही’ म्हटलं. त्यासाठी उंबरठा कुठे ठेवला तेही लिहा. उंबरठा वर नेला की पहिली ओळ घसरेल, नव्वदीची पंचाऐंशी होईल. गाइड विचारतील, आकडा कमी का झाला? दुसरी ओळ त्यांच्यासमोर ठेवा.