न केलेला अर्ज : एका प्रश्नाच्या वाक्यरचनेविषयी

पुरातत्त्वक्षेत्रातील स्त्रियांच्या वाटचालीचा विचार करू पाहणाऱ्यास दोन निबंध टाळता येणार नाहीत. दोन्ही ‘अमेरिकन अँटिक्विटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिला १९८५ चा, जोन गेरो यांचा. दुसरा २०१८ चा, लिन गोल्डस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांचा. अमेरिकेतील संशोधन-अनुदानांची वाटणी हा दोहोंच्या विवेचनाचा आधार होय.

पुरुषाने उत्खननास जावे आणि स्त्रीने त्याने आणलेल्या अवशेषांची वर्गवारी करीत बसावे, या श्रमविभागणीस गेरो ‘पुरातत्त्वीय घरकाम’ म्हणतात. क्षेत्रकार्यासाठी स्त्रियांनी केलेल्या मागण्यांना पुरुषांच्या मानाने कमी यश मिळते, हे त्यांनी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या अनुदानांवरून दाखविले. रूपक मार्मिक आहे. परंतु त्यात एक धोकाही आहे. ‘घरकाम’ म्हटले की ते काम दुय्यम, हे वाचकाने आधीच मान्य केलेले असते. वस्तुतः खापराच्या वर्गवारीवाचून उत्खनन म्हणजे केवळ माती उपसणे होय. अन्याय केवळ स्त्रीस घरकाम दिल्याचा नाही. त्या कामाचे मोल कमी ठरविल्याचाही आहे.

गोल्डस्टीन-निबंधाचे शीर्षकच प्रश्नरूप आहे : डॉक्टरेटनंतर पुरुषांपेक्षा कमी स्त्रिया अनुदानासाठी अर्ज का करतात? निष्कर्ष असा की, अर्ज केलेल्यांच्या यशात फारसे अंतर नाही. अंतर आहे ते अर्जांच्या संख्येत. येथे भाषाभ्यासकाने थोडे थांबावयास हवे. या वाक्याचा कर्ता ‘स्त्रिया’ आहे. अनुदान देणारी संस्था वाक्यात कोठेच नाही. साहजिकच उणीव कर्त्याच्या माथी येते आणि ‘अधिक अर्ज करा’ हा सोपा उपदेश पुढे येतो.

परंतु ‘अर्ज करणे’ ही क्रिया दिसते तितकी स्वायत्त नव्हे. तिच्या पाठीशी कायम पद, अध्यापनातून सवड, संस्थेचे साहाय्य आणि हंगामभर घर सांभाळणारे कोणीतरी गृहीत असते. ज्यांना हे लाभले त्याच अर्जापर्यंत पोचतात. म्हणून यशाचे समान प्रमाण हा निवडसमितीच्या निःपक्षपातीपणाचा पुरावा असू शकेल, व्यवस्थेच्या नव्हे. चाळणी आधीच लागलेली असते.

लेखकवर्गास न्याय द्यावयाचा तर हेही नमूद केले पाहिजे की, त्यांनी आकड्यांवर न थांबता स्त्री-पुरुष संशोधकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा शोध शीर्षकापेक्षा व्यापक आहे. दुर्दैवाने शीर्षकच लोकांच्या स्मरणात राहते.

आपल्या विद्यार्थ्यांनी यातून एवढे घ्यावे : मंजूर अर्जांची यादी संस्था छापतात, नामंजूर अर्ज निदान दप्तरात तरी राहतात, न केलेल्या अर्जाची नोंद मात्र कोठेच होत नाही. मातीत न उरलेल्या वस्तूचेही अनुमान करण्यास शिकविणाऱ्या शास्त्राने हे अनुमान स्वतःविषयी करू नये, हे योग्य नव्हे.