आठ अक्षरांचा दिलासा : संत ऑगस्टीनच्या लेखनातील लय आणि शोक

लयबद्ध नाद आणि मनःस्वास्थ्य यांच्या संबंधाविषयी ख्रिस्ती दृष्टीने लिहिणारे लेखक बहुधा एकाच कथेपासून आरंभ करतात. शौल राजाला दुरात्मा छळू लागला की दावीद वीणा वाजवी आणि राजाला बरे वाटे, ही ती पहिल्या शमुवेलाच्या १६ व्या अध्यायातील कथा होय. आधार जुना आहे, सुबोध आहे आणि अपुरा आहे. त्याच ग्रंथाच्या १८ व्या व १९ व्या अध्यायांत तोच वादक, तेच वाद्य आणि तोच श्रोता पुन्हा एकत्र येतात. आणि वीणा वाजत असतानाच शौल दाविदावर भाला फेकतो. नादाचा गुण काढ्यासारखा निश्चित असता तर दुसरा प्रसंग घडता ना. शास्त्रकर्त्याने दोन्ही प्रसंग जपून ठेवले. उद्धृत करणारे मात्र पहिलाच घेतात. या विषयाचा पुष्कळसा भाबडेपणा या एका वगळण्यातून आलेला आहे.

म्हणून साक्षीदार असा हवा की ज्याला छंदाचे शास्त्र ठाऊक आहे, ज्याने दुःखाच्या क्षणी छंदाचा स्वतःवर झालेला परिणाम नोंदविला आहे, आणि ज्याला त्या परिणामाची शंकाही आली आहे. संत ऑगस्टीन (३५४–४३०) हा तसा साक्षीदार होय. ‘संगीताविषयी’ या त्याच्या सहा पुस्तकांच्या ग्रंथात आणि ३९७ ते ४०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘कबुलीजबाबा’त मिलानचा बिशप आंब्रोज याच्या एका सायंस्तोत्राचा संदर्भ पुनःपुन्हा येतो. एकदा शास्त्राचे उदाहरण म्हणून, एकदा शोकाच्या रात्रीची आठवण म्हणून, आणि एकदा काळ मोजायचा कसा या कूटाची गुरुकिल्ली म्हणून. तिन्ही स्थळे एकत्र वाचली म्हणजे लयीच्या दिलाशाविषयी ऑगस्टीनचे म्हणणे त्याच्या सिद्धान्ताहून बरेच वेगळे दिसू लागते.

स्तोत्राच्या पहिल्या ओळीची घडण मराठी विद्यार्थ्याला परकी वाटण्याचे कारण नाही. अक्षरे आठ, पहिले, तिसरे, पाचवे व सातवे लघू, उरलेली गुरू. ‘कबुलीजबाबा’च्या अकराव्या पुस्तकात ऑगस्टीन हीच गणना देतो, आणि ‘संगीताविषयी’ मध्ये तिच्या मात्रा १२ भरतात असे सांगतो. संस्कृत छंदःशास्त्रात हा लगक्रम ‘प्रमाणिका’ या वृत्ताचा आहे. अर्थात् हे साम्य योगायोगाचे समजावे. आंब्रोजच्या इतर ओळींत काही ठिकाणी लघूच्या जागी गुरू चालतो, प्रमाणिकेत ती मुभा नाही. तरी एवढे खरे की ओळ आखूड आहे, एका श्वासात मावणारी आहे, आणि चार-चार ओळींची आठ कडवी निरक्षरालाही पाठ होण्याजोगी आहेत.

‘संगीताविषयी’च्या सहाव्या पुस्तकात गुरू शिष्याला विचारतो की ही ओळ म्हटली जाते तेव्हा तिची लय नेमकी कोठे असते? हवेतील ध्वनीत, ऐकणाऱ्याच्या कानात, म्हणणाऱ्याच्या क्रियेत, की स्मरणात? येथे ऑगस्टीनचा लॅटिन शब्द लक्षात घ्यावा लागतो, कारण ‘संख्या’ आणि ‘लय’ या दोहोंसाठी तो एकच शब्द वापरतो. या चार स्थानांखेरीज पाचवी एक लय तो मानतो, ती म्हणजे चूक-बरोबर ठरविणारी विवेकाची लय. मग या पायऱ्यांवरून तो जीवाला नश्वर ध्वनीकडून अविनाशी प्रमाणबद्धतेकडे चढवीत नेतो. रचना मोठी देखणी आहे. परंतु त्या सबंध संवादात दुःखी माणूस कोठेच नाही. तेथे लय ही शुद्धीची शिडी आहे. शिडीच्या तळाशी कोणी रडत बसले असेल याची दखल लेखकाला घ्यावी लागलेली नाही.

ती घ्यावी लागली ३८७ साली, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात. आई मोनिका नऊ दिवसांच्या आजारात वारली. ऑगस्टीन तेव्हा वयाच्या ३३ व्या वर्षात होता. मुलगा अदेओदातुस मोठ्याने रडू लागला, त्याला सर्वांनी गप्प केले. एवोदियुसने स्तोत्रसंहिता हाती घेऊन एक स्तोत्र सुरू केले आणि सबंध घर त्याला साथ देऊ लागले. ऑगस्टीनच्या डोळ्यांत मात्र पाणी आले नाही. पुनरुत्थानाची आशा असणाऱ्याने रडणे शोभत नाही, या समजुतीने त्याने अश्रू दाबून ठेवले होते. दफन झाले, तरी तो रडला नाही. स्नानाच्या ग्रीक नावाचा अर्थ ‘मनातील चिंता घालविणारे’ असा आहे असे ऐकले होते, म्हणून तो स्नान करून आला. काही उपयोग झाला नाही. मग झोप लागली. जाग आली तेव्हा दुःख बरेच हलके झाले होते, आणि अंथरुणावर एकटा पडला असता त्याला आंब्रोजच्या त्या ओळी आठवल्या. हळूहळू आईची आठवण परत आली, आणि तो रडला.

हा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. ‘भक्तिसंगीताने ऑगस्टीनचा शोक शमला’ असे विधान सर्रास केले जाते. ग्रंथ तसे म्हणत नाही. शोकाची धार झोपेने कमी केली होती. ज्या स्तोत्राचा विषयच रात्र, थकलेले अवयव आणि विश्रांती हा आहे, ते स्तोत्र झोपेनंतर आठवले. आणि त्याने शांतता दिली नाही, रडू दिले. घरभर गाइले गेलेले स्तोत्र दिवसा जे करू शकले नाही, ते अंधारात न उच्चारलेल्या ओळींनी केले. त्या वेळी ध्वनी नव्हता, कान नव्हता, म्हणणाराही नव्हता. पाच लयींपैकी स्मरणातील लय तेवढी होती. शास्त्रग्रंथातील वर्गीकरणाला येथे अनुभवाचा आधार मिळतो, पण दिशा उलटी होते. लय जीवाला मातीपासून वर नेत नाही. आईच्या देहाकडे, तिच्या बोलण्याकडे परत आणते. आपण तासाचा थोडासा अंश रडलो, हेदेखील ऑगस्टीन हिशेबाने नोंदवितो आणि वाचणाऱ्याने हसू नये म्हणतो. या वाक्यातील संकोच सिद्धान्ताहून अधिक बोलका आहे.

मिलानमधील ३८६ ची हकीकतही याच अंगाने वाचली पाहिजे. बालसम्राट व्हॅलेंटिनियनची आई युस्तिना आंब्रोजच्या मंडळीचा छळ करीत असता लोक चर्चमध्ये जागत बसले होते. मोनिका त्यांत होती. दुःखाने व शिणाने ते खचू नयेत म्हणून पूर्वेकडील रीतीप्रमाणे स्तोत्रे गाण्याचा प्रघात त्या वेळी पडला, असे ऑगस्टीन सांगतो. लयीचे काम तेथे निजविण्याचे नव्हते, जागे ठेवण्याचे होते.

तरी त्याचा संशय फिटला नाही. दहाव्या पुस्तकात तो कबूल करतो की गाइलेल्या अर्थापेक्षा गाणाऱ्याचा गळाच अधिक भिडला, तर आपल्या हातून अपराध घडला असे वाटते. अथनासियुस स्तोत्रपाठकाकडून गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळचा स्वर काढवी, तो मार्गही त्याला सुरक्षित वाटतो. लगेच स्वतःचे जुने अश्रू आठवून तो चर्चगायनाला संमती देतो. पण ती डळमळीतच.

हा संशय आज अनाठायी म्हणता येणार नाही. इटलीतील संशोधकांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २३ निरोगी प्रौढांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. लॅटिन जपमाळेच्या पाठाने श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ वर आली आणि हृदयाच्या लयीवर अनुकूल परिणाम दिसला. तोच परिणाम एका बौद्ध मंत्रानेही दिसला. ख्रिस्ती लेखक यातील पहिला भाग आनंदाने सांगतात. दुसरा भाग घेतला तर मात्र असे मानावे लागते की श्वासाला मिळणारा विसावा ही मनुष्यदेहाची सामाईक मालमत्ता आहे, आणि ख्रिस्ती म्हणण्याजोगे जे काही असेल ते त्या विसाव्यात नसून त्यापुढे काय घडते यात आहे. ऑगस्टीनच्या बाबतीत देवासमोर लाज सोडून रडणे घडले. शौलाच्या बाबतीत एकदा बरे वाटले आणि पुढे भाला सुटला.

मराठीत या कसोटीचा उपयोग करून पाहण्यास जागा आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंगाला स्थान मिळवून दिले, याची चर्चा बहुतेक देशीपणाच्या अंगाने होते. इंग्रजी चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांत मराठी अक्षरांची ओढाताण होई, हेही सांगितले जाते. परंतु त्या गीतांना पेटी लागे आणि सभा लागे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. लहान अभंगाच्या चरणार्धातही अक्षरे आठच असतात. लघुगुरूंचे बंधन नाही, आणि वाद्यावाचून, आवाजावाचूनही ती मनात चालू राहतात. अहमदनगरच्या एखाद्या घरात रात्री जागे राहिलेल्या माणसाला आधी कोणती ओळ आठवत असेल, या प्रश्नाच्या अंगाने टिळकांच्या भजनांचा छंदोविचार अद्याप व्हावयाचा आहे.