तीन चित्रपट आणि एक रविवार

२०२५ च्या सप्टेंबरात, गणपती गावाला जाऊन आठवडा होतो न होतो तोच, १२ तारखेच्या शुक्रवारी तीन मराठी चित्रपट एकदम लागले: ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’. पितृपक्ष चालू होता. ज्या पंधरवड्यात आपल्याकडे कुणी मुलगी पाहायला जात नाही, त्यात तिघा निर्मात्यांनी आपापला संसार मांडला आणि त्याचे कुणाला नवल वाटले नाही. चित्रपटाचा मुहूर्त आता पंचांगात पाहावयाचा नसतो. कोणत्या शुक्रवारी हिंदीतले मोठे धूड अंगावर येणार नाही, एवढेच पाहावयाचे असते. तरी तो शुक्रवार काही मोकळा नव्हता. त्याच दिवशी ‘डीमन स्लेयर’ हा जपानी चित्रपट इकडे आला, आणि जी मुले प्रार्थनेला वेळेवर येत नाहीत ती त्याच्या पहाटेच्या खेळाच्या गोष्टी करू लागली.

चित्रपट तीन, आणि डोंबिवलीच्या माणसाजवळ रविवार एक. सोमवार ते शनिवार जो गाडीच्या दारात उभा असतो त्याच्यापुढे निवडीचा प्रश्न येतो तो असा. चित्रपटगृहे म्हणाल तर दूर नाहीत. कल्याणच्या मेट्रो मॉलमध्ये पडदे आहेत, पलाव्याला आहेत, ठाण्याला तर विवियाना नावाने लोकांच्या तोंडी बसलेल्या एकाच मॉलमध्ये चौदा आहेत. पण पलाव्याला जायचे तर शिळफाट्याच्या रस्त्याची कृपा हवी, आणि ठाण्याला जायचे तर रविवारी पुन्हा गाडी. मग वेळा पाहाव्यात. हिंदी चित्रपट दर दीड तासाने. मराठी एक सकाळी दहाला, एक रात्री पावणेअकराला. सकाळी दहाला घरात आंघोळी चालू असतात आणि रात्री पावणेअकराला जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सातची गाडी असते. तेव्हा आपण चित्रपट निवडतो असे म्हणणे हा थोडासा भ्रमच आहे. पुष्कळशी निवड कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते. आपण उरलेल्यातून उचलतो.

परंतु सारा दोष त्या वेळापत्रकावर टाकून मोकळे होणेही मला पटत नाही. ठाणे-कल्याणच्या आम्हा प्रेक्षकांची एक जुनी सवय आहे, आणि ती नाटकाने लावलेली आहे. नाटकाला आम्ही थांबतो. शिवाजी मंदिरला लागलेले नाटक आज ना उद्या गडकरी रंगायतनला येणार, तेथून आचार्य अत्रे रंगमंदिराला आणि सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरालाही येणार, हे आम्हाला पक्के ठाऊक असते. चार जण पाहून येतात, बरे आहे म्हणतात, मग आम्ही तिकिटे काढतो. नाटकाच्या बाबतीत हा शहाणपणा आहे. पंचविसाव्या प्रयोगाला नाटक पिकलेले असते. उशीर करणाऱ्याला बहुधा अधिक चांगले मिळते.

चित्रपटाला हाच न्याय लावला की घात होतो. चित्रपट पिकत नाही. तो शुक्रवारी जसा असतो तसाच शेवटपर्यंत असतो, फक्त त्याचे खेळ कमी होत जातात. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस मोजले जातात, सोमवारी किती पडझड झाली ते पाहिले जाते, आणि पुढल्या आठवड्याच्या वेळा त्यावरून ठरतात. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात दोन महिने संप चालला होता. तो मिटला तेव्हा ठरलेली वाटणी बोलकी आहे: पहिल्या आठवड्यात निर्माता-वितरकाच्या बाजूला निम्मा हिस्सा, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस. म्हणजे आमच्यासारखा जाणकारांचे मत ऐकून तिसऱ्या आठवड्यात जाणारा सावध रसिक ज्या चित्रपटाचे कौतुक करतो त्यालाच कमी देतो. तेही तिसरा आठवडा उजाडला तर.

म्हणून शनिवार-रविवारच्या परीक्षणांविषयी माझी तक्रार आहे. साडेतीन तारे की तीन, हे छापलेले असते. ‘हा याच आठवड्यात पाहा, तो पुढे पाहिला तरी चालेल’ हे कुणी सांगत नाही. चित्रपट किती चांगला यापेक्षा त्याला थांबता येईल का, हा प्रश्न एका रविवारवाल्या माणसाला अधिक उपयोगाचा आहे.

त्या तिघांना हा प्रश्न विचारून पाहू. ‘आरपार’विषयी मी काही लिहीत नाही, कारण तो मी पाहिलेला नाही; माझ्या रविवारात तो बसला नाही. ‘बिन लग्नाची गोष्ट’ आदित्य इंगळे यांचा. उमेश कामत आणि प्रिया बापट ‘टाइम प्लीज’नंतर बारा वर्षांनी चित्रपटात एकत्र आले, आणि जोडीला निवेदिता सराफ व गिरीश ओक. ही दिवाणखान्यातली, बोलक्या माणसांची गोष्ट आहे. विषय धीट, मांडणी सभ्य. थोडी जास्तच सभ्य. असा चित्रपट घरच्या पडद्यावर फारसा उणावत नाही. मात्र शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईच्या हसण्याने त्याला जी लज्जत येते तिला आपण मुकतो.

सुबोध खानोलकरांच्या ‘दशावतार’चे प्रकरण निराळे. डोळ्यांनी अधू होत चाललेला एक म्हातारा दशावतारी नट, बाबुली मेस्त्री, हे दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी उभे केले आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. नट उभा राहतो आणि बोलतो. प्रभावळकरांनी बाबुलीच्या साध्या बोलण्यातही ती उत्स्फूर्तता ठेवली आहे. तोंडाला रंग लावताना त्याचा हात डोळ्यांच्या मदतीशिवाय चालतो, तेवढ्यात माणसाचे अख्खे आयुष्य कळते. पूर्वार्ध असा मनात मुरत असताना उत्तरार्धात चित्रपटाला अवतार संचारतात आणि सूडाचा नेमस्त क्रम सुरू होतो. एक अवतार झाला की पुढचा कोणता, हे आपण मोजू लागतो. मला तो भाग उणा वाटला. ज्याने आयुष्यभर देवाचे सोंग घेतले त्या माणसात मला रस होता. चित्रपटाला शेवटी सोंगात अधिक रस वाटला. पण कोकणातली ती रात्र आणि ते रान अंधाऱ्या सभागृहातच पाहावयाचे आहे, यात शंका नाही. लोकांनी ते ओळखले. चित्रपट कित्येक आठवडे चालला. बाकीच्या दोघांना तेवढे बळ मिळाले नाही.

येथे एक समज तपासून घेतला पाहिजे. ‘मोठा चित्रपट थिएटरात, लहान घरी’ असा आता घरोघरी नियम झाला आहे. माझे मत नेमके उलट आहे. गडगडाट घरातही ऐकू येतो. शांतता घरात मिळत नाही. त्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी, १९ सप्टेंबरला, रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातले सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले होते. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या, या दोघा पुरुषांच्या जवळिकीची ती कथा. सुतकातले नियम, नातेवाइकांचे तेच ते लग्नाविषयी विचारणे, आईचे सगळे समजून न बोलणे. येथे कुणी आवाज चढवीत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्यांत असा चित्रपट संपून जातो; मन लावून पाहणाऱ्यालाही घरी तो तुकड्यातुकड्यांनीच मिळणार. त्याच शुक्रवारी ‘जॉली एलएलबी ३’ होता. मी तो घरी पाहण्यासाठी ठेवला, आणि त्याचे त्यात काही नुकसान झाले नसावे.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हे आणखी एक उदाहरण. कॅमेरा खोलीच्या एका टोकाला ठेवलेला, न्यायालयाचे काम संपते तरी तो हलत नाही, दिवे मालवेपर्यंत बसून राहतो. टाळूनही निघून न जाता येणे, हा त्या चित्रपटाचा अर्थच आहे; हातात दूरनियंत्रक असलेल्या माणसाला तो कसा भोगावा लागणार? ‘कोर्ट’ १७ एप्रिल २०१५ ला लागला. त्याच्या थोडेच दिवस आधी मल्टिप्लेक्सांनी सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवावा असे राज्य सरकारने जाहीर केले होते, आणि गदारोळ होताच ती वेळ दुपारी बारापर्यंत मागे सैल केली होती. दुपारी बारालाही ‘प्रमुख वेळ’ म्हणता येते हे त्या निमित्ताने कळले.

अशी भांडणे जुनी आहेत. १९७१ साली दादरच्या कोहिनूरमध्ये दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला जागा मिळेना, कारण देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ यायचा होता. शिवसेनेने हात घातला तेव्हा ती मिळाली. २०१८ च्या दिवाळीत, ८ नोव्हेंबरला, ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ आणि ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ एकाच दिवशी आले तेव्हा पुन्हा तोच तंटा. ज्या नटाच्या नावाने ठाण्यात नाट्यगृह आहे, त्याच्या चित्रपटाला ठाण्यात सोयीची वेळ शोधावी लागली. गंमत अशी की हिंदी चित्रपट पहिल्या दिवसाच्या विक्रमी गर्दीनंतर दोन-तीन दिवसांत कोसळला आणि सुबोध भाव्यांचा घाणेकर टिकून राहिला.

पण या भांडणांतून ‘मराठी आहे म्हणून पाहा’ असा जो उपदेश निघतो तो मला मान्य नाही. दयेने काढलेले तिकीट फार महाग पडते. वाईट चित्रपट पाहून आलेला माणूस पुढचे दोन चांगले टाळतो आणि वर आपण कर्तव्य केले असे समजतो. ‘बाईपण भारी देवा’ २०२३ साली चालला तो काही कर्तव्याने नव्हे. बायकांनी भिशीत ठरवले, ठेवणीतल्या साड्या नेसून घोळक्याने गेल्या, आणि परीक्षणे काय म्हणतात ते विचारलेही नाही. चित्रपट म्हणून तो मला मध्यम वाटला. निवड म्हणून मला तिचा हेवा वाटतो. त्या बायका थांबल्या नाहीत.

२०२५ च्या १ मे रोजीही असाच पेच होता: ‘गुलकंद’, ‘आता थांबायचं नाय!’ आणि समोर ‘रेड २’. विनोदी कार्यक्रमामुळे ओळखीच्या झालेल्या मंडळींचा ‘गुलकंद’ घराघरात आधी पोचला होता. शिवराज वायचळ यांच्या ‘आता थांबायचं नाय!’त मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीची परीक्षा देतात. दहावीपलीकडे स्वतः न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराला त्यातले परीक्षेचे भय खोटे वाटले नाही. कामगारांची दिवसाची मेहनत मात्र चित्रपटाने विनोदाच्या आड थोडी झाकली असे वाटले. पहिल्या रविवारी ठाण्यात मी काढलेल्या तिकिटाचा खेळ प्रेक्षक कमी म्हणून आयत्या वेळी रद्द झाला आणि पैसे परत मिळाले. दुसऱ्या रविवारी कल्याणला गेलो तर पहिल्या दोन रांगा सोडून सभागृह भरलेले. पुढच्या खुर्च्यांत एका वस्तीतली सतरा-अठरा माणसे होती, बहुतेक पन्नाशीच्या पुढची, आणि पडद्यावर निकाल लागायच्या आधीच त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती.