मारधाडीचे सिनेमे आणि आपण

मारधाडीच्या सिनेमाचे नाव निघाले की आपल्या चळवळीतली मंडळी तोंड वाकडे करतात. हा सगळा पलायनवाद आहे, शोषितांना गुंगीत ठेवण्याचे साधन आहे, असे आम्ही शिबिरांतून ऐकत आलो. पुढे प्राध्यापक झाल्यावर मीही विद्यार्थ्यांना तेच ऐकवले. फक्त एक गोष्ट लपवली : मला हे सिनेमे मनापासून आवडतात.

साकोलीजवळच्या आमच्या गावात १४ एप्रिलला भीमगीतांचा कार्यक्रम आटोपला की वस्तीत भाड्याचा टीव्ही यायचा. एका वर्षी मनमोहन देसाईंचा 'मर्द' (१९८५) लागला. त्यात दारा सिंग घोड्यावर बसून दोर फेकतो आणि इंग्रजांचे उडू पाहणारे विमान अडवून धरतो. वस्ती खदखदून हसली, सर्वांत जास्त माझा बाप. विमान असे थांबत नसते हे त्याला ठाऊक होते. धानाची पोती वाहणाऱ्याला ओझे म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. पण बारा महिने दुसऱ्याच्या बांधीत वाकणाऱ्या त्या माणसाला घटकाभर न वाकणारे शरीर पाहायला मिळत होते. तो फसतो आहे असे म्हणणारे सुशिक्षित त्याला मूर्ख समजतात, दुसरे काही नाही. वेगाचेही तसेच. ज्यांची शिष्यवृत्तीपासून ॲट्रॉसिटीच्या खटल्यापर्यंत प्रत्येक गोष्ट तारखांवर तारखा खात सरकते, त्यांना अन्याय आणि शिक्षा यांत पाच मिनिटांचे अंतर असलेली कथा आवडली तर नवल काय?

तेव्हा आचरटपणाबद्दल माझी तक्रार नाही. हे सिनेमे जिथे आचरटपणा करायला धजत नाहीत, तिथे माझे भांडण आहे. 'मर्द'मधला टांगेवाला राजाचा मुलगा निघतो. तीस वर्षांनी एस. एस. राजमौलींचा 'बाहुबली' (२०१५) आला. रानातल्या वस्तीत वाढलेला शिवा अशक्य धबधबा चढून जातो आणि तोही राजपुत्रच निघतो. पूर्वजांच्या शपथेने पिढीजात गुलाम असलेला कटप्पा त्याला ओळखताच त्याचा पाय स्वतःच्या डोक्यावर घेतो. तिथे कोणी हसत नाही. न्यूटनचा नियम घडोघडी मोडणाऱ्या त्या पडद्यावर मनूचा नियम शाबूत असतो.

राजमौलींच्याच 'आरआरआर'ने (२०२२) तर आपल्या शेजारच्या माणसाला हात घातला. कोमाराम भीम हा आसिफाबादकडचा गोंड. जल, जंगल, जमीन यांसाठी तो निजामाशी लढला आणि १९४० मध्ये जोडेघाटला मारला गेला. पडद्यावरचा भीम मोटारसायकल उचलून गोऱ्या शिपायांना झोडपतो. झोडपू द्या. पण शेवटी रामाच्या वेशातला सवर्ण मित्र 'काय हवे?' असे विचारतो, तेव्हा हा भीम त्याच्याकडे अक्षरे मागतो. खऱ्या भीमाच्या चरित्रात वेगळेच सांगतात : तरुणपणी तो चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आला, विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे राहिला आणि तिथे लिहायला-वाचायला शिकला. मोटारसायकल उचलणारा गोंड चालतो, छापखान्यात बसून वाचणारा गोंड मात्र कल्पनेच्या बाहेरचा! एवढा पैसा ओतूनही कल्पना इथे येऊन थकते.

हे असेच असावे लागते असेही नाही. पा. रंजित यांच्या 'काला'त (२०१८) मारामारी आहे, रजनीकांतचा रुबाब आहे, पण त्याचा धारावीचा म्होरक्या कुणाचा हरवलेला राजपुत्र नाही. खलनायक नाना पाटेकरच्या घरी रामकथा चालू असताना वस्तीवर हल्ला होतो, आणि प्रेक्षक रावणाच्या बाजूने उभा राहतो. मराठीत असा सिनेमा काढायचे धाडस अजून कोणी केलेले नाही.

वर्गात मी चांद्याच्या छापखान्याची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरचा एक गोंड मुलगा उठून म्हणाला, "सर, भीमले वाचता येत होता, तर पिक्चरमंदी तसा काहून नाही दाखवला जी?" मी बरेच काही बोललो, त्याचे समाधान झालेले दिसले नाही. त्याच रात्री वसतिगृहात त्याने मोबाईलवर तो सिनेमा पुन्हा लावला. मीही जाऊन बसलो. वाघ-चित्त्यांनी भरलेला ट्रक घेऊन भीम गव्हर्नरच्या वाड्याचे फाटक तोडतो, तेव्हा त्याने शिट्टी मारली, आणि खरे सांगायचे तर मीही मारली.