बाराखडी कुणाच्या डोक्यात?

माणूस जसा विचार करतो तसा इंटरफेस असावा, हे वाक्य आमच्या धंद्यात दर मीटिंगला ऐकू येतं. पण कुठला माणूस, हे सहसा कुणी विचारत नाही. मला तो प्रश्न घरी पडला, आईबाबांच्या फोनवर मराठी कीबोर्ड टाकून देताना.

मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसीने बनवलेलं 'स्वरचक्र' मला या प्रश्नाचं एक देखणं उत्तर वाटतं. व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. 'क'वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. हव्या त्या दिशेला बोट सरकवून उचलायचं. शाळेत पाठ केलेली बाराखडीच बोटाखाली येते. आई मराठी माध्यमातली, आजवर फक्त व्हॉइस मेसेज पाठवणारी. दहा मिनिटांत तिचा पहिला लेखी मेसेज आला: 'जेवलास का?'

बाबांचं मात्र अडलं. त्यांनी तरुणपणी मिनिटाला ३० शब्दांची मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली. टाइपरायटरवर 'कि' उमटवायचा तर आधी वेलांटी, मग 'क'. कागदावर दिसतो तो क्रम. स्वरचक्र उच्चाराचा क्रम धरतं: आधी 'क', मग वेलांटी. बाबांच्या बोटांना हे उलटं वाटतं. यात चूक त्यांची नाही आणि कीबोर्डचीही नाही. शाळेची बाराखडी डोक्यात पक्की असलेला माणूस स्वरचक्राने गृहीत धरलाय. त्याची ताकद तीच आणि मर्यादाही तीच.

आणि मी? मी रोमन अक्षरांत टाइप करतो, फोन त्याची देवनागरी करतो. म्हणजे एका घरात तीन माणसं आणि 'स्वाभाविक'ही तीन.

मॅकिंटॉश प्रकल्प सुरू करणारे जेफ रास्किन यांनी १९९४ साली मांडलं होतं की, ज्याला आपण सहज समजणारं म्हणतो ते बहुतेकदा नुसतं ओळखीचं असतं. मला ते पटतं. मग ज्याला जे ओळखीचं ते देऊन मोकळं व्हावं का?

इथे मी अडखळतो. रोमनमध्ये टाइप करताना 'न' की 'ण', 'ल' की 'ळ', पहिली वेलांटी की दुसरी, हे मला ठरवावंच लागत नाही. फोन पर्याय दाखवतो, मी पहिला उचलतो. परवा हाताने चिठ्ठी लिहिताना 'आणि'पाशी पेन थांबलं. ऱ्हस्व की दीर्घ? इंटरफेस माझ्या विचारामागून चालत होता असं मी समजत होतो. खरं तर त्याने माझा थोडा विचार काढून घेतला होता, आणि मला ते सोयीचं वाटत होतं.

म्हणून कुठलंही डिझाइन बघताना मी आता दोन प्रश्न विचारतो: हे कुणाच्या सवयीला धरून आहे, आणि वर्षभर वापरल्यावर त्या माणसाला कुठली सवय लागेल?

स्वरचक्र मी माझ्याही फोनवर टाकलंय. वेग निम्म्यावर आलाय. 'ळ' शोधावा लागतो, पण त्यासाठी आधी तो आठवावा लागतो.